मित्राच्या वडिलांना पाठवायचं लाईव्ह लोकेशन: पन्हाळ्यापुरता एक रिव्ह्यू

कोल्हापुरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी रविवारी पन्हाळ्याला जायचं ठरवलं की एका घरात घोडं अडतंच. "कोण कोण हाईसा? गाडी कोण चालवणार? कवा येणार?" एवढ्या तीन प्रश्नांत मित्राचे वडील अख्खा बेत मोडून टाकतात. अशा काकांपुढं व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन कितपत टिकतं, तेवढंच इथं बघायचंय.

गाडीच्या प्रश्नावर मात्र कुठल्याच ॲपचा उतारा नाही, म्हणून तो आधीच मिटवा. 16 ते 18 वयात परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. दारात उभी असलेली स्कूटी 110 नाहीतर 125 सीसीची असते, ती या परवान्यावर चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोरगं गाडीवर सापडलं तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काका उगीच खवचटपणा करत नाहीत. "काका, मध्यवर्ती बसस्थानकावरनं एसटीनं जाणार, एसटीनंच येणार," हे त्यांनी विचारायच्या आत सांगितलं की अर्धं काम झालं. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, बसनं काही बिघडत नाही.

आता ॲप. काकांच्या चॅटमध्ये जोडणीची क्लिप दाबायची, मग लोकेशन, मग 'शेअर लाईव्ह लोकेशन'. मुदतीचे पर्याय तीनच: 15 मिनिटं, 1 तास, 8 तास. खाली मजकुराला जागा असते, ती रिकामी सोडू नका. "पन्हाळा, चौघं, परत 5:30" एवढं लिहिलं तरी नकाशाला अर्थ येतो.

बहुतेक पोरं फसतात ती 8 तासांत. सकाळी 8 ला घरातून निघतानाच बटण दाबलं तर दुपारी 4 ला शेअरिंग आपोआप संपतं. तेव्हा तुम्ही तीन दरवाजापाशी फोटो काढत असता आणि इकडं काकांच्या फोनवर लाईव्ह लोकेशन संपल्याची ओळ येते. माणूस संशयी असेल तर ती ओळ 'पोरांनी मुद्दाम बंद केलं' अशीच वाचतो. चालू असलेली मुदत वाढवता येत नाही, नव्यानं पाठवावं लागतं. म्हणून घरातून नाही, बस सुटल्यावर सुरू करा. संपायच्या पंधरा मिनिटं आधीचा गजर लावा आणि दुसरं लोकेशन पाठवून मोकळे व्हा.

दुसरी भानगड गोठलेल्या ठिपक्याची. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण तुमचा ठावठिकाणा काकांपर्यंत पोचवायला लागतं. घाटाच्या वळणांवर डेटा गेला की ठिपका जागच्या जागी थांबतो आणि शेवटचं अपडेट किती वेळापूर्वीचं, तेवढंच दिसत राहतं. काका चष्मा कपाळावर सारून, दोन बोटांनी नकाशा ताणून बघतात. पोरं वीस मिनिटं त्याच वळणावर! एवढ्या वेळात अपघातापासून पळून जाण्यापर्यंत सगळं त्यांच्या मनात येऊन जातं. गडावर अंधारबावीच्या आत किंवा अंबरखान्याच्या गंगा कोठीत तर जीपीएसच अडतं, कारण डोक्यावर दगडी छत आणि बाजूला जाड भिंती. यावर इलाज एकच, तोही जुना: "घाटात रेंज जाते काका, ठिपका थांबला तर घाबरू नका, वर पोचल्यावर फोन करतो" असं निघायच्या आधी सांगायचं आणि तो फोन खरंच करायचा. आधी सांगितलेली अडचण माणूस समजून घेतो. तीच नंतर सांगितली की सबब होते.

फोनमधल्या तीन गोष्टी आदल्या रात्री तपासा. एक, सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपच्या लोकेशनची परवानगी 'कायम' हवी. 'ॲप वापरताना' एवढीच ठेवली तर खिशात फोन गेल्यावर ठिपका अडकू शकतो. दोन, 'अचूक लोकेशन' चालू हवं. अँड्रॉइड 12 पासून अंदाजे ठिकाण द्यायचाही पर्याय आलाय; चुकून तो निवडला गेला तर तुम्ही पन्हाळ्यावर आणि ठिपका भलत्याच शिवारात. तीन, बॅटरी सेव्हर बंद, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपपुढं बॅटरीचं 'निर्बंध नाही' आणि ऑटोस्टार्ट दोन्ही चालू करावं लागतं, नाहीतर फोन स्वतःच ॲपला झोपवतो. दिवसभर जीपीएस आणि वर फोटो म्हणजे बॅटरी गेलीच. 10,000 एमएएचची पॉवर बँक 5,000 चा फोन एकदा पूर्ण भरून थोडी उरते, तेवढी चौघांत एक पुरे.

सगळं नीट असूनही ठिपका थोडा हलतोच. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आसपास असतं, पण महाद्वार रोडसारख्या चिंचोळ्या पेठेत इमारतींवरून सिग्नल उलटतो आणि ठिपका पलीकडच्या बोळात उडी मारतो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात बसलेलं पोरगं नकाशावर पाण्यात दिसू शकतं. हे काकांना आधी सांगितलेलं बरं, काकूंना तर नक्कीच.

एक बारीक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. नकाशावर सरकतं ते तुमचं डीपी. काळा गॉगल घालून बुलेटवर बसलेला फोटो ठेवला असेल तर तोच फोटो घाटातून वर चढताना काका बघणार, तेही तुम्ही एसटीत आहात असं सांगितल्यावर. शाळेच्या ओळखपत्रासारखा साधा चेहरा लावा.

गुगल मॅप्सचं शेअरिंग तांत्रिकदृष्ट्या सरस आहे. त्यात बॅटरी किती टक्के उरली तेही समोरच्याला दिसतं, म्हणजे फोन बंद पडला तरी कारण आधीच कळलेलं असतं. पण त्यात 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे आणि ते चालू राहिलं हे महिनाभर ध्यानात येत नाही. स्वतःच्या आईवडिलांना ते चालेल. मित्राच्या वडिलांना तुमचा रोजचा क्लास आणि क्रिकेटचं मैदान दाखवायचं काय कारण? शिवाय बहुतेक काकांना व्हॉट्सॲप उघडता येतं, मॅप्समधलं प्रोफाइल चित्र दाबायला सांगितलं की फोन पुन्हा पोराकडं येतो. मुदतीनंतर आपोआप मिटणारं व्हॉट्सॲपच इथं बरं.

ग्रुपवर मात्र पाठवू नका, ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. आणि मुलींनी मैत्रिणीच्या वडिलांना थेट पाठवण्यापेक्षा आपल्या आईला पाठवावं आणि आईनं मैत्रिणीच्या आईला फोन करावा. दोन आयांच्या पाच मिनिटांच्या फोनला जे जमतं ते कुठल्याही ठिपक्याला जमत नाही.

ठिपका कुणाचा पाठवायचा, हाही वाद असतो. मित्राकडं फोन असेल तर काका त्याचंच लोकेशन मागतात. तरी तुमचंही पाठवा, न मागता. त्याच्या ठिपक्यावर बाप पोराला शोधतो. तुमच्या ठिपक्याला मात्र 'तुमच्या पोराची जबाबदारी माझ्यावर' असा अर्थ येतो.

पाचपैकी साडेतीन. पैसे लागत नाहीत, डेटा किरकोळ जातो, शिकायला दोन मिनिटं. दीड गुण कापला तो मुदत वाढवता न येण्याचा आणि ठिपका का थांबला हे समोरच्याला न सांगण्याचा.

परत आल्यावर मित्राला दारापर्यंत सोडा आणि 'शेअरिंग थांबवा' काकांच्या समोरच दाबा. चॅटमध्ये नकाशाचं चित्र तसंच राहतं, ते पुसू नका. काकू चहा ठेवतील, तोवर बसा.