आठ महिने, अकरा हजार किलोमीटर: सोळाशेचा वॉटर पंप आणि कागदी गॅस्केट

गाडीला बसवलेला नवा वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा, चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची बरीचशी कुरकुर जोडातून पाणी गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या गॅस्केटची आहे.

बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, टायमिंग बेल्टवर फिरणारा पंप. जुना पंप असताना गोव्यात रायबंदरला फेरीच्या रांगेत एसी लावून अर्धा तास उभं राहिलं तरी तापमानाचा काटा मध्यावर. चोर्ला घाट चढायला लागलं की मात्र लाल पट्टीकडे. निदानाचं अर्धं काम इथेच होतं. उभ्या गाडीत तापत असेल तर फॅन, रिले, फ्यूज बघा. चढावर तापत असेल तर एकतर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरला उष्णता टाकता येत नाही. उसगाव, साखळीकडे खनिजाच्या ट्रकांमागून रोज जाणाऱ्यांनी एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीतली लाल धूळ आधी काढावी. पाणी इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाने मारायचं, नाहीतर पत्र्या वाकतात.

वर्कशॉपने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बदलला, रेडिएटर साफ केला, साडेतीन हजार घेतले. थर्मोस्टॅट तपासायला टोपभर पाणी आणि थर्मामीटर पुरतो. त्याच्यावर अंश कोरलेले असतात, बहुधा ८२ ते ८८च्या दरम्यान, तिथे तो उघडायला लागला पाहिजे. पंपाबद्दल उत्तर मिळालं, ‘गळत नाही, आवाज नाही, म्हणजे ठीक.’ इथेच घोळ. वीप होल, म्हणजे पंपावरचं गळतीचं बारीक छिद्र, फक्त सीलचं सांगतं आणि पुली हलवून कळते ती बेअरिंगची हालत. इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, त्याबद्दल दोन्ही मुके. जुना पंप निघाला तेव्हा सील कोरडं, बेअरिंग शाबूत आणि पत्र्याच्या इंपेलरची पाती निम्मी गंजून गेलेली. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलं की हेच होतं. रेडिएटरच्या टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं दिसलं की समजा.

न खोलता अंदाज घ्यायचा तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, मग सुरू करा. वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. आता दोन-अडीच हजार आरपीएमला आत पाणी जोरात सरकताना दिसायला हवं. नुसतं डुचमळत असेल तर संशय पंपावर. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं) गेलेलं, तो खर्च वेगळाच. तापलेल्या इंजिनाचं झाकण मात्र कधीच उघडू नका. हवेच्या दाबापेक्षा एक बार जादा दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, दाब सुटला की तेच तोंडावर येतं.

नव्या पंपाचा इंपेलर ओतीव आहे, आवाज नाही. तिसऱ्या आठवड्यात वीप होलखाली कूलंटचा गुलाबी डाग दिसला, तेव्हा या पंपाला शून्य गुण द्यायचे ठरले होते. ते मत मागे घेतो. नवं सील बसेपर्यंत थोडा ओलावा येतो, दोन महिन्यांत सुकला. रोज थेंब पडत असेल तरच परत करा.

आता गॅस्केट. सोळाशे रुपयांच्या डब्यात घडी घातलेला कागद, घडी नेमकी बोल्टच्या भोकावर! वहीच्या पुठ्ठ्याइतकाही जाड नाही. लावायचाच असेल तर जुना थर लाकडी पट्टीने खरवडा, ब्लेडने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि पाणी त्यातूनच वाट काढतं. आरटीव्ही (ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट) अगदी पातळ. जादा लावलेला आतल्या बाजूला सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. सहा एमएमचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, साधारण १० न्यूटन मीटरने आवळा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय कूलंट भरू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, तयार मिश्रण असेल तर त्यात काही मिसळायचं नाही. भरताना हीटर फुल गरमवर, गाडीचं नाक किंचित वर, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत हवा काढायची.

बेल्ट अजून चालण्यासारखा असला तरी याच वेळी बदला, मजुरी तीच. गॅस्केट मात्र म्हापशाहून साठ रुपयांचं वेगळं आणलं. डब्यातलं तसंच पडून आहे.