ध्वनिसंकलनासाठी मोबाइल की रेकॉर्डर?

भुसावळ जंक्शनवरील इंजिनांची आणि जिनिंगमधल्या यंत्रांची घरघर टिपून ॲम्बियंट, म्हणजे ठेक्यापेक्षा वातावरणनिर्मितीवर भर देणारे, संगीत रचू पाहणाऱ्या एका तरुणाचा हा प्रश्न आहे. खर्चात अर्थातच मोबाइल सरस ठरतो. दर्जात मात्र मोठा फरक पडतो, कारण मोबाइलवरील अनेक ॲप्स अखंड घरघरीला गोंगाट समजून दाबतात, आणि या संगीताला नेमकी तीच हवी असते. शिवाय ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजून, केलेल्या ध्वनिमुद्रणात त्याच्या निम्म्या, २४ किलोहर्ट्झपर्यंतच्याच कंपनसंख्या टिपल्या जातात; ते टेपसारखे चौपट संथ केले, की ६ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही. ९६ किलोहर्ट्झची सोय असलेल्या रेकॉर्डरवर ही मर्यादा १२ पर्यंत जाते. तापीकाठच्या वाऱ्यात दोन्हींच्या माइकला केसाळ आवरण हवेच. छोटे, ठोक्याचे आवाज तोडून वापरणाऱ्यास मोबाइल पुरेसा आहे. आवाज ताणून दीर्घ स्वरपट विणणाऱ्याने रेकॉर्डरच घ्यावा.