आद्य ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा ऑडिओ कोर्स: वर्ष संपत आलं, रिन्यू करावा का?

काल ॲप परत अपडेट झालं आणि परत तेच, पॉज केलं की धडा पहिल्यापासून सुरू. म्हणून शेवटी लिहायला बसले. कंपनीचं नाव घेत नाही. धडे किती, भाषा कशी, हे घेणाऱ्यांना माहीत असतंच, त्यात वेळ घालवत नाही.

आधी तो पॉज. मी ऐकते लोकलमध्ये. मध्येच फोन आला किंवा दादरला गर्दी आत घुसली आणि थांबवलं, की पुन्हा "प्रिय बंधू-भगिनींनो" पासून. पुढे सरकवायची पट्टी आहे, पण ती इतकी बारीक की बोट लावलं की धडा थेट शेवटच्या प्रार्थनेवर जातो. वर्षाचे बाराशे रुपये घेता आणि फुकटच्या गाण्याच्या ॲपला जे जमतं ते तुम्हाला जमत नाही? तक्रार केली तर म्हणे मॅडम फोन रिस्टार्ट करा. केला. मग म्हणे ॲप काढून परत टाका. टाकलं, तर बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायापर्यंतच्या माझ्या सगळ्या नोट्स गायब. रिफंड मागितला तर मुदत संपलीये. बरं.

आता कंटेंट. सुरुवातीच्या धड्यांना मी दोन स्टार दिले असते. स्तेफन, पॉलिकार्प, विश्वासासाठी जीव देणारे सगळे कसे निर्भय, सगळे कसे हसत मेले. हे आपण संडेस्कूलपासून ऐकतोय आणि ऐकून हिंमत येत नाही, आपण किती घाबरट एवढंच कळतं. शिकवणाऱ्या पाळकांचा आवाजही उपासनेतल्या माइकवरचा, कानात हेडफोन असताना माणसाने एवढं ओरडू नये.

मत बदललं ते प्रेषितांची कृत्येच्या चौथ्या अध्यायाच्या धड्याला, आणि त्यात त्या फालतू पॉजचा हात आहे, कारण धड्याचा पहिला भाग मला इतक्यांदा ऐकावा लागला की जवळपास पाठ झाला. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यहुदी न्यायसभेची धमकी घेऊन सुटतात, आपल्या लोकांत येतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. प्रार्थनेत हेरोदाचं नाव आहे, पिलाताचं आहे, धमक्यांकडे बघ असंही आहे, पण आम्हाला वाचव असं कुठेच नाही. मागतात ते धैर्य, आणि देवाने रोगी बरे करावेत, चिन्हं दाखवावीत हे. आणि धैर्य मागणाऱ्यांत पेत्र आहे, जो आत्ताच अख्ख्या सभेला तोंडावर उत्तर देऊन आलाय. म्हणजे त्याच्याकडेही साठा नव्हता, त्यालाही परत मागावंच लागत होतं, आणि तेही एकट्याने नाही. हे मला कोणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचा रोमन सम्राट डेसियसचा धडा तर कोर्सचा सगळ्यात भारी भाग. सन 250 च्या सुमाराला सम्राटाचा हुकूम निघाला की सगळ्यांनी रोमन देवांना बळी द्या आणि दिल्याचा दाखला घ्या. इजिप्तमध्ये असे दाखले पपायरसवर सापडलेत. एकाचं वर्णन वाचून दाखवतात: ऑरेलियस डायोजेनिस, वय 72, उजव्या भुवईवर व्रण. आपण सरकारी फॉर्मवर ओळखखूण लिहितो तशी. मी कायम बळी देत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर दिला, खाली सही. तो ख्रिस्ती होता की नाही हे कागदावरून कळत नाही, कारण दाखला सगळ्यांनाच लागत होता. पण पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी खरंच बळी दिला, आणि काहींनी तर बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला, हे पाळक अजिबात झाकत नाहीत. (पैसे चारून दाखला! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.)

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन तर स्वतः लपून बसला होता आणि लपूनच मंडळीला पत्रं लिहीत होता. लोक त्यावरून बोललेही. नंतर बळी देऊन किंवा दाखला घेऊन घसरलेल्यांना मंडळीत परत घ्यायचं की नाही यावर जी भांडणं झाली ती आपल्या कमिटी मीटिंगांना लाजवतील. आणि हाच माणूस 258 मध्ये शिक्षा ऐकून देवाचे आभार मानतो आणि मान कापणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगतो. मी त्या आठवड्यात बाराशे रुपयांच्या रिफंडसाठी ईमेलवर ईमेल टाकत होते, जाऊ दे.

फरक काय पडला विचाराल तर फार मोठा काही नाही. ऑफिसात डबा उघडायच्या आधी मी प्रार्थना करते, पण इतकी वर्षं ती मोबाईलमध्ये बघतेय असं दाखवून. आता मोबाईल पर्समध्ये ठेवून डोळे मिटते. पहिल्या दिवशी शेजारचीने विचारलं, डोकं दुखतंय का. म्हटलं नाही गं, प्रार्थना करत होते. बरं म्हणाली आणि तिची भेंडी पुढे केली. रोज जमतं असंही नाही, साहेब टेबलावर असले की अजून हात मोबाईलकडे जातो.

वैताग अजून बाकी आहे. रोमन सुभेदार प्लिनीचा धडा फारच घाईत उरकलाय. साधारण 112 साली बिथुनियातून त्याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं, त्यात मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम बायकांची छळ करून चौकशी केल्याचं तो स्वतःच लिहितो. छळणाऱ्याच्याच हातची नोंद, आणि कोर्समध्ये त्याला एक वाक्य! उलट विश्वासासाठी जीव दिलेल्या पर्पेतुआच्या धड्याला मागे व्हायोलिन लावून ताणलंय. तिने तुरुंगात स्वतः लिहिलेलं नुसतं वाचलं असतं तरी पुरे होतं, तान्हं पोर अंगावर पिणारी बावीसेक वर्षांची मुलगी होती ती.

तीन स्टार. पॉज दुरुस्त केलं तर चार. पूर्ण किमतीत रिन्यू करणार नाही, नाताळात ऑफर आली तर बघू. घेणार असाल तर नोट्स वहीत काढा, ॲपमध्ये नको, आणि डेसियसचा धडा आधी डाउनलोड करून ठेवा.