७,००० पौंडांचा ट्रेलर, हाफ-टन पिकअप आणि वजन वाटणारी हिच : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मार्चमध्ये आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं फिरतं घर) घेतला आणि तो ओढण्यासाठी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणारी आणि त्याचा भार सगळ्या चाकांत वाटून देणारी जोडणी, बसवून घेतली. आता फेब्रुवारी उजाडला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटहून निघून आठ फेऱ्या झाल्या, मिळून साधारण ४,२०० मैल. आमचं बघून इथल्या मराठी मित्रांपैकी तिघं-चौघं ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: “तुझ्या ट्रकची टोइंग कपॅसिटी (ओढण्याची क्षमता) किती?” उत्तर आहे ११,३०० पौंड. पण त्या आकड्यावर विसंबून ट्रेलर निवडू नका, हे फोनवर सांगून नीट पोचत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रक फोर्ड एफ-१५०, म्हणजे ‘हाफ-टन’ या हलक्या वर्गातला पिकअप, चार दारांचा, ३.५ लिटर टर्बो इंजिनचा. ट्रेलर २६ फुटी, चार चाकांचा. रिकामा ५,४०० पौंड, भरून जास्तीत जास्त ७,०००. हिच दोन जाड पोलादी बारची, जिच्यात घर्षणाने ट्रेलरचं डोलणंही रोखलं जातं. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि मुलगा.

ट्रेलर विकणारा माणूस म्हणाला होता की हा ट्रक एवढा ट्रेलर सहज ओढेल. ओढण्यापुरतं ते खरंच आहे. एवढ्या मैलांत इंजिन एकदाही दमलं नाही. पण ट्रकला ट्रेलर फक्त ओढायचा नसतो, त्याचा काही भाग पाठीवर वाहायचाही असतो. तो किती वाहता येईल हे जाहिरातीत सापडत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर ते लिहिलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. आमच्या ट्रकवर हा आकडा १,५७० आहे, म्हणजे ७१२ किलो. शेजारच्याकडे हेच मॉडेल आहे, पण काचेचं छप्पर आणि भारी सीट असलेलं. त्याचा आकडा आमच्यापेक्षा कमी. तेव्हा मॉडेलचं नाव ऐकून अंदाज करू नका, स्वतःच्या दाराची पट्टी वाचा.

आता त्या १,५७० मधून वजा करत जाऊ. आम्ही चौघं ४८० पौंड. हिच स्वतःच ९५. मागच्या हौद्यात जनरेटर, लाकडं आणि हत्यारांची पेटी मिळून १४५. उरले ८५०. ट्रेलरची पुढची जीभ ट्रकमागच्या हिचच्या बॉलवर (ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर) जो भार टाकते, त्याला टंग वेट म्हणतात, आणि तो या उरलेल्यात बसला पाहिजे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट असावा लागतो. माहितीपत्रकातलं रिकामं वजन धरून मी ५४० पौंड काढले आणि निश्चिंत झालो. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोणी फिरायला जात नाही. भांडी, अंथरुणं, बॅटऱ्या, गॅसच्या दोन टाक्या, खाण्याचं सामान असं भरत गेलं की हजार पौंड कधी झाले ते कळत नाही.

१० टक्क्यांपेक्षा कमी का चालत नाही? याचं उत्तर मला कराडकडच्या आमच्या गावात लहानपणीच मिळालं होतं, फक्त मी ते विसरलो होतो. आजोबा उसाच्या मोळ्या गाडीत रचायचे तेव्हा दर थोड्या वेळाने जू हाताने उचलून बघायचे. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी ताब्यात राहत नाही. पुढे जास्त झालं की धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. थोडी धुरजड गाडीच चांगली, पण थोडीच. अमेरिकेतला ट्रेलर भरतानाचा सगळा हिशोब या दोन शब्दांत येतो. उलाळ ट्रेलरचं शेपूट वाऱ्याने एकदा हललं की ते ट्रकला मागून ढकलत राहतं. धुरजड ट्रेलर ट्रकची पाठ खाली बसवतो आणि पुढची चाकं हलकी करतो. मग स्टिअरिंगही हलकं होतं आणि ब्रेकला पकड कमी पडते.

मे महिन्यात आमचा ट्रेलर उलाळ होता आणि मला ते माहीत नव्हतं. योसेमिटीच्या दिशेने निघालो होतो. चार सायकली मागच्या बंपरच्या रॅकवर, रॅकसकट १८० पौंड. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली: ४० गॅलन, म्हणजे ३३० पौंडांच्या वर, आणि ती टाकी चाकांच्या मागे. लिव्हरमोर सोडलं की आल्टामाँट खिंड लागते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जे गेलेत त्यांना तिथल्या वाऱ्याची कल्पना येईल. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. मी उतारावर ६२ वर होतो, ही माझी चूक.

डावीकडून अठरा चाकी ट्रक पुढे गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी एका बाजूला ढकलला गेला, मग ओढला गेला. डाव्या आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली, पुढच्या क्षणी उजव्या आरशात तीच. तिसरा झोका दुसऱ्याहून मोठा होता. पाय ब्रेककडे जायला निघाला होता, पण अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबला की ट्रेलर ट्रकवर चढून येतो आणि झोका वाढतो. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि उजव्या हाताने डॅशवरची ट्रेलर ब्रेकची पट्टी दाबली. त्या पट्टीने फक्त ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. मागून दोरीने ताणल्यासारखं झालं आणि ट्रेलर सरळ झाला. हे सगळं पाच-सहा सेकंदांत घडलं. मागच्या सीटवर मुलं एकदम गप्प झाली होती. ही पट्टी कुठे आहे आणि हात न बघता तिथे जातो का, याचा सराव मी आदल्या आठवड्यात रिकाम्या पार्किंगमध्ये केला होता. नवीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तोच करायला सांगतो.

ग्रँट लाइन रोडला बाहेर पडून पाण्याच्या टाकीचा नळ उघडला, सायकली ट्रकच्या हौद्यात टाकल्या आणि पुढचा रस्ता ५० च्या वेगाने काढला. घरी आल्यावर सामान मुद्दाम पहिल्यासारखं भरलं आणि टंग स्केलवर जीभ मोजली: ५६० पौंड. ट्रेलर ६,४०० च्या आसपास होता. म्हणजे नऊ टक्केसुद्धा नाही. आणि त्या दिवशी ही महागडी हिच व्यवस्थित बसवलेली होती. तिने झोका कमी केला असेल, पण चुकीचं भरलेलं सामान ती दुरुस्त करू शकत नाही.

त्यानंतर सायकली ट्रेलरच्या आत, चाकांच्या वर. डबे-हत्यारं पुढच्या कप्प्यात. पाणी मुक्कामाच्या जवळ पोचल्यावरच भरायचं. एवढं केलं आणि सेंट्रल व्हॅलीतल्या एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केल गाठला. हा वजनकाटा मोठ्या ट्रकवाल्यांसाठी असतो, पण आपणही जाऊ शकतो. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. फेरवजनाला पैसे कमी पडतात. मी तीनदा वजन केलं.

नुसता ट्रक, आम्ही चौघं आत: पुढे ३,२८०, मागे २,९२०. ट्रेलर जोडून, पण हिचचे बार न लावता: पुढे २,९६०, मागे ४,०४०, ट्रेलरच्या चाकांवर ५,४४०. बार लावून: पुढे ३,१२०, मागे ३,७८०, ट्रेलरवर ५,५४०.

हे आकडे नीट बघा, हिच काय करते ते यात दिसतं. जीभ बसताच पुढच्या चाकांवरून ३२० पौंड निघून गेले. बारनी त्यातले १६० परत आणले, म्हणजे बरोबर निम्मे. तेवढेच आणावेत असं आमच्या ट्रकच्या पुस्तकात आहे. जास्त ताण देऊन पुढची चाकं पहिल्याहून जड केली तर मागची पकड जाते. आणि १०० पौंड मागे ट्रेलरच्या चाकांवर गेले. बार तरफेसारखे काम करतात: बॉलपाशी अडकवलेले आणि दुसऱ्या टोकाला ट्रेलरच्या फ्रेमवर टेकवलेले, त्यामुळे मधला सांधा वर उचलला जातो. टंग वेट निघाला ८००, ट्रेलर ६,२४०, म्हणजे १३ टक्क्यांच्या जवळ. पण हिशोब करा: माणसं, हिच आणि हौद्यातलं सामान मिळून ७२०, अधिक ८००, झाले १,५२०. आमच्या १,५७० मधले फक्त ५० पौंड शिल्लक. जाहिरातीतल्या कपॅसिटीपेक्षा ट्रेलर ५,००० पौंडांनी हलका आणि तरीही ट्रक काठोकाठ भरलेला. हिच लावली म्हणून दाराच्या पट्टीवरचा आकडा वाढत नाही. यापेक्षा मोठा ट्रेलर घ्यायचा असेल तर थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे याहून वरच्या वर्गातला ट्रक बघा, दुसरा उपाय मला दिसत नाही.

आता रोजच्या वापराबद्दल. बार हाताच्या जोराने चढवायला जाऊ नका. बॉल अडकवून कपलरची (जिभेच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीची) खिट्टी लावली की जिभेचा जॅक पुन्हा वर चढवायचा, इतका की ट्रकची पाठही सोबत उचलली जाईल. त्याने दोन कामं होतात: बार सैल पडून अलगद बसतात, आणि कपलर खरंच बॉलला धरून आहे याची खात्री होते. जुलैत एकदा ट्रकची पाठ वर आली नाही, नुसती जीभच वर आली. खिट्टी वरून बंद दिसत होती, पण बॉल आत गेलाच नव्हता. तेव्हापासून हे तपासल्याशिवाय मी चावी फिरवत नाही. मग साखळ्या जिभेखालून एकमेकींना ओलांडून, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकला वेगळी, सात पिनांचा प्लग, दिवे. मी मोठ्याने म्हणतो, बायको मागे फिरून प्रत्येक गोष्टीला हात लावते. दहा मिनिटं लागतात.

हिच वळणावर कुरकुरते. पेट्रोल पंपावर वळताना जुन्या वाड्याचा दरवाजा उघडावा तसा आवाज येतो आणि लोक वळून बघतात. घर्षणावरच तिचं काम चालत असल्याने आवाज पूर्ण जाणार नाही. पुस्तकात सांगितलेल्या जागी दर फेरीआधी ग्रीस लावलं की निम्मा होतो. ग्रीस कपड्यांना लागतं, म्हणून हातमोजे आणि जुना टॉवेल ट्रकमध्येच असतो. ब्रॅकेटवर बार घासतात तिथला रंग गेला आहे, धातू चकचकीत झाला आहे, पण झीज बोटाला लागत नाही. पहिल्या फेरीनंतर दोन बोल्ट सैल सापडले, टॉर्क रेंचने आवळले, त्यानंतर हलले नाहीत. हिचचं डोकं (बॉल असलेला भाग) जड आहे, कंबर सांभाळून उचला.

डिसेंबरात सॅन डिएगोला गेलो. परतताना इंटरस्टेट ५ वर ग्रेपव्हाइनचा उतार लागतो, सहा टक्क्यांचा आणि काही मैल सलग. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा’, हे मी खंबाटकीत एसटीच्या ड्रायव्हरांकडून ऐकलेलं. तसंच केलं. माथ्यावरच वेग ४५ वर आणला, टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर धरून ठेवणारी सोय), तिसरा गिअर. इंजिनने गाडी धरून ठेवली. वेग ५० कडे सरकला की ब्रेक एकदा ठामपणे दाबून ४२ वर आणायचा आणि सोडून द्यायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ते तापून निकामी होतात. खाली उतरून ट्रेलरच्या चारही चाकांच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात नेऊन पाहिला. सगळे सारखेच कोमट होते. एखादा वेगळा गरम लागला असता तर पुढे गेलो नसतो.

टायरबद्दल थोडक्यात: ट्रेलरचे टायर ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर), म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या प्रकारचेच हवेत आणि हवा थंड असताना टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी, आमच्याकडे ६५ पीएसआय. हवेचे सेन्सर बसवून घेतले ते फार बरं झालं. केटलमन सिटीच्या अलीकडे एक टायर ५१ वर आल्याचं कळलं आणि फुटायच्या आत थांबता आलं. त्यात स्क्रू होता. नवा टायर बसवल्यावर ५० मैलांनी नट पुन्हा आवळले.

हीच हिच पुन्हा घेईन का? हो, एवढ्या ट्रेलरला हाफ-टन ट्रकवर तिच्याशिवाय मी रस्त्यावर निघणार नाही. पण टंग स्केल तिच्याबरोबर त्याच दिवशी घेईन, मे महिन्यानंतर नाही. मार्चमध्ये ट्रेलरला वर्ष होईल. तेव्हा चारही चाकं काढून बेअरिंगचं ग्रीस बदलायचं आहे, ब्रेकची जाडी बघायची आहे, आणि उन्हाळ्याचं सामान भरून झालं की पुन्हा काट्यावर जायचं आहे. मुलगा अकरा महिन्यांत बराच वाढलाय, आणि आमच्याकडे शिल्लक ५० पौंडच होते.