कॅलिफोर्निया, टेक्सास की पेनसिल्व्हेनिया: अमेरिकेचा अभ्यास कोणत्या राज्यापासून सुरू करावा?

अमेरिकेचे राजकारण आणि अर्थकारण गंभीरपणे समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे, पत्रकारापुढे किंवा तिकडच्या बाजारपेठेचा विचार करणाऱ्या निर्यातदारापुढे पहिली अडचण व्याप्तीची असते. पन्नास राज्ये, प्रत्येकाची स्वतंत्र राज्यघटना, स्वतंत्र करव्यवस्था आणि स्वतंत्र न्यायालये, या सगळ्यांचा मागोवा एकट्या माणसाला घेता येत नाही, त्यामुळे एक-दोन राज्ये निवडावीच लागतात. बहुतेक जण ही निवड कॅलिफोर्निया किंवा न्यू यॉर्क या परिचित नावांवरून करतात, आणि मग राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्या दोन्ही राज्यांत प्रचारसभा का होत नाहीत, हे कोडे त्यांना सुटत नाही. अमेरिकेत पैशाचे वजन एका ठिकाणी, लोकसंख्येचे वजन जवळपास त्याच ठिकाणी, पण निर्णायक मतांचे वजन मात्र भलत्याच ठिकाणी आहे. आपला प्रश्न यांपैकी कोणत्या वजनाशी संबंधित आहे, हे ठरल्याशिवाय निवड नीट होणार नाही.

ही विभागणी घटनात्मक रचनेतून आली आहे. राष्ट्राध्यक्ष निवडणारी एकूण ५३८ निर्वाचक मते असून विजयासाठी २७० लागतात. अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन सभागृहे आहेत: लोकसंख्येनुसार जागा मिळणारे प्रतिनिधिगृह आणि सिनेट. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातील त्याच्या जागांइतकी आणि त्यावर सिनेटच्या दोन जागांची मते मिळतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता सर्वत्र, राज्यात पुढे असलेल्या उमेदवाराला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. सिनेटमध्ये तर लोकसंख्येचा विचारच होत नाही. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या वायोमिंगच्या सुमारे ६७ पट असली, तरी दोघांचेही सिनेटर दोनच आहेत.

अर्थव्यवस्थेच्या आकारात कॅलिफोर्नियाशी बरोबरी करणारे राज्य नाही. २०२४ मध्ये तिथले सकल उत्पादन सुमारे ४.१ लाख कोटी डॉलर होते, म्हणजे संपूर्ण अमेरिकेच्या उत्पादनाचा जवळजवळ सातवा हिस्सा. हे राज्य स्वतंत्र देश असते तर त्या वर्षीच्या आकडेवारीनुसार ते जपानलाही मागे टाकून जगात चौथ्या क्रमांकावर असते. सिलिकॉन व्हॅली आणि हॉलिवूड सर्वांना ठाऊक आहेत, परंतु लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही जोडबंदरे, ज्यांतून अमेरिकेच्या कंटेनर आयातीचा सुमारे एक तृतीयांश भाग येतो, आणि जगातील जवळपास ८० टक्के बदाम पिकवणारे मध्य खोऱ्यातील मळे, यांकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही. या बदामाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक भारत आहे, त्यामुळे आपल्याकडच्या सुकामेव्याच्या बाजाराशी या राज्याचा थेट संबंध आहे.

मात्र माझ्या मते कॅलिफोर्नियाची खरी ताकद उत्पादनापेक्षा नियम घडवण्यात आहे. स्वच्छ हवेच्या केंद्रीय कायद्याने या एकाच राज्याला, केंद्राची परवानगी घेऊन, वाहनांच्या धुराविषयी केंद्राहून कडक निकष ठरवण्याचा अधिकार दिला, आणि १९७७ च्या दुरुस्तीने इतर राज्यांना ते निकष उचलण्याची मुभा मिळाली. दोन वेगळ्या प्रकारच्या गाड्या बनवणे कंपन्यांना परवडत नसल्यामुळे साक्रामेंटो या कॅलिफोर्नियाच्या राजधानीत झालेला निर्णय अर्ध्या देशाला लागू झाल्यासारखा होत असे. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ठरावांवर राष्ट्राध्यक्षांनी सही करून यांतील महत्त्वाच्या परवानग्या रद्द केल्या आणि राज्य न्यायालयात गेले. पर्यावरण, वाहन उद्योग किंवा ग्राहकांच्या माहितीची गोपनीयता हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी दुसऱ्या राज्याचा विचार करण्याची गरज नाही. उजव्या बाजूच्या राजकारणाचाही एक उगम इथेच आहे. मालमत्ता करावर मर्यादा घालणारा ‘प्रस्ताव १३’ कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७८ मध्ये मंजूर केला आणि करविरोधाची लाट तिथून देशभर पसरली.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मात्र ५४ निर्वाचक मते असूनही हे राज्य गृहीत धरले जाते. १९८८ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना तिथे ६० लाखांहून अधिक मते पडली, त्यांतून एकही निर्वाचक मत मिळाले नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियाचा प्रभाव मतपेटीऐवजी देणग्या, खटले, नियम आणि पक्षाला पुरवलेले नेतृत्व या मार्गांनी देशभर पोहोचतो.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचे उत्पादन सुमारे १ लाख कोटी डॉलर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या चौथ्या हिश्श्याइतके, आणि निर्वाचक मते १९. पण ती १९ मते कोणत्या बाजूला जातील हे शेवटपर्यंत ठरत नाही. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले, २०२० मध्ये जो बायडन यांनी सुमारे ८० हजारांनी आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांनी सुमारे १ लाख २० हजारांनी. जवळपास ७० लाख मतदानात हा फरक किरकोळ आहे. २०२४ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा ही सहा राज्येही अशीच दोलायमान होती. सातांची मिळून ९३ मते होतात, आणि त्यांत सर्वाधिक पेनसिल्व्हेनियाची.

या अनिश्चिततेची किंमत आर्थिक धोरणात कशी वसूल होते, हे पिट्सबर्गच्या युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीच्या विक्रीत स्पष्ट दिसले. जपानच्या निप्पॉन स्टीलने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुमारे १,४९० कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला. जपान हा अमेरिकेचा निकटचा मित्रदेश, आणि कंपनीला भांडवलाची गरज होती. तरीही निवडणुकीच्या वर्षात दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी या सौद्याला विरोध केला, बायडन यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो रोखला, आणि निवडणूक पार पडल्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये ट्रम्प यांनी सरकारला विशेष अधिकार देणाऱ्या अटींसह त्याला मान्यता दिली. डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये ज्या खडकभेदी वायू उत्खननावर (फ्रॅकिंगवर) बंदीची भाषा केली होती, त्यावर बंदी घालणार नाही असे त्यांना २०२४ मध्ये वारंवार सांगावे लागले. वायू उत्पादनात पेनसिल्व्हेनिया टेक्सासच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे त्यामागचे उघड कारण होते.

पोलादाचा हाच धागा भारतापर्यंत पोहोचतो, आणि पैशाचे वजन आणि निर्णायक मतांचे वजन यांतील फरक समजावून सांगणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. ट्रम्प यांनी २०१६ च्या प्रचारात पेनसिल्व्हेनियातील मोनेसेन या जुन्या पोलादनगरीत आपले व्यापारविषयक भाषण केले आणि मार्च २०१८ मध्ये आयात पोलादावर २५ टक्के शुल्क लावले. उत्तरादाखल भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकी बदाम, अक्रोड, सफरचंद अशा मालावरील शुल्क वाढवले. ही वाढ २०२३ मध्ये मागे घेण्यात आली. म्हणजे संरक्षण मिळाले ते निर्णायक राज्यांतील पोलाद कामगारांना, आणि त्याची झळ बसली कॅलिफोर्नियातील बदाम व वॉशिंग्टन राज्यातील सफरचंद पिकवणाऱ्या, निवडणुकीच्या गणितात मोजल्या न जाणाऱ्या शेतकऱ्यांना. निर्यातदाराने माल कोणत्या राज्यातून येतो याबरोबरच शुल्काचा निर्णय कोणत्या राज्यासाठी घेतला जातो, हेही पाहायला हवे.

टेक्सास या दोहोंपेक्षा वेगळे आहे, कारण तिथे अर्थव्यवस्था आणि निर्वाचक मते ही दोन्ही वजने एकाच दिशेने वाढत आहेत. उत्पादन सुमारे २.७ लाख कोटी डॉलर, लोकसंख्या ३ कोटी १० लाखांच्या वर, निर्वाचक मते ४०. २०१० ते २०२० या दशकात तिथली लोकसंख्या सुमारे ४० लाखांनी वाढली आणि प्रतिनिधिगृहात दोन जागा वाढल्या. त्याच जनगणनेत कॅलिफोर्नियाने १८५० मध्ये राज्य झाल्यापासून प्रथमच एक जागा गमावली. देशाच्या खनिज तेलाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग टेक्सासमधून येतो, २००२ पासून निर्यातीत ते सर्व राज्यांत पहिले आहे, मेक्सिकोशी होणाऱ्या व्यापाराचे मुख्य नाके लारेडो इथे आहे, आणि तेलासाठी ओळखले जाणारे हे राज्य पवनऊर्जेतही देशात अग्रेसर आहे.

टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, याचे आकर्षण मोठे आहे. कॅलिफोर्नियात सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. मात्र टेक्सासमधील भरमसाट मालमत्ता कर हिशेबात धरल्याशिवाय ही तुलना करणे चुकीचे ठरेल. केंद्रीय नियमनापासून दूर राहण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या वीजजाळ्याची किंमतही राज्याने मोजली आहे. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत लाखो घरे अनेक दिवस अंधारात राहिली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वस्त आणि मोकळ्या धोरणाची बाजू मांडताना ही माणसे विसरता येणार नाहीत.

राजकारणात टेक्सास दोलायमान नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट उमेदवाराने ते शेवटचे १९७६ मध्ये जिंकले. तरीही राष्ट्रीय वादाचे विषय हे राज्य ठरवते. ओबामा यांची स्थलांतरितांविषयीची योजना २६ राज्यांचे नेतृत्व करून २०१५ मध्ये न्यायालयात रोखली ती टेक्सासने, आणि २०२२ पासून सीमेवरच्या स्थलांतरितांना बसमधून न्यू यॉर्क व शिकागोला पाठवून तो प्रश्न उत्तरेच्या महापौरांच्या दारात नेला तोही टेक्सासच्याच गव्हर्नरांनी. २०२५ मध्ये जनगणनेची वाट न पाहता मतदारसंघांची फेररचना करण्यात आली, तिचा हेतू रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवण्याचा होता, आणि तिला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्याचा नकाशा बदलण्यास मंजुरी दिली. प्रतिनिधिगृहातील बहुमतासारखा प्रश्न दोन राज्यांच्या चढाओढीवर येऊन ठेपावा, ही मला लोकशाहीच्या दृष्टीने चिंतेची बाब वाटते.

उरलेल्या राज्यांविषयी थोडक्यात. न्यू यॉर्क हे भांडवल बाजार आणि व्यापारी करारांच्या कायद्यासाठी अपरिहार्य आहे, पण एकेकाळी ४७ निर्वाचक मते असलेल्या या राज्याकडे आता २८ उरली आहेत. २०२० च्या जनगणनेत अवघ्या ८९ माणसांच्या कमतरतेने त्याची एक जागा गेली. २००० मध्ये ५३७ मतांनी देशाचे भवितव्य ठरवणारे फ्लोरिडा २०२४ मध्ये ट्रम्प यांना तब्बल १३ टक्क्यांच्या फरकाने मिळाले, त्यामुळे दोलायमान राज्य म्हणून त्याचा अभ्यास आता जुन्या माहितीवर आधारलेला ठरेल. कंपनी कायदा हा विषय असेल तर डेलावेअर निवडावे, कारण अमेरिकेतील पाचशे सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी दोन तृतीयांशांची नोंदणी तिथे आहे. मराठी वाचकाला मिशिगन जवळचे वाटू शकते. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या परिसरातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, आणि वाहन उद्योग, कामगार संघटना व अटीतटीची निवडणूक या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र अभ्यासता येतात.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे. ज्याला फक्त पुढची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक समजून घ्यायची आहे किंवा आयात शुल्काचे राजकारण अभ्यासायचे आहे, त्याने पेनसिल्व्हेनिया घ्यावे. तंत्रज्ञान, पर्यावरण आणि नियमन यांसाठी कॅलिफोर्निया घ्यावे. पण एकाच राज्याला पाच-दहा वर्षे द्यायची तयारी असेल, तर मी टेक्सासची शिफारस करेन. ऊर्जा, स्थलांतर, मेक्सिकोशी व्यापार, करधोरण आणि मतदारसंघांची रचना हे सगळे वाद तिथे एकाच विधिमंडळात येतात. शिवाय ते विधिमंडळ नियमितपणे दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी जानेवारीपासून १४० दिवस भरत असल्यामुळे दूरवरूनही त्याचा पाठपुरावा करणे शक्य आहे. २०२८ ची निवडणूक निर्वाचक मतांच्या सध्याच्याच वाटपावर होईल. २०३० च्या जनगणनेनंतरचे नवे वाटप २०३२ मध्ये लागू होईल, आणि आजवरचा कल टिकल्यास त्यात टेक्सासची मते वाढून कॅलिफोर्नियाची आणखी घटतील.