३६०० स्पीडची नवी रॅम दिली आणि माझी जुनी ठेवून घेतली

जुनी रॅम परत मागायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "ती तर त्याच दिवशी निघून गेली भाऊ." माझ्या कॉम्प्युटरमधून काढलेली, उत्तम चालणारी ८ जीबीची रॅम, म्हणजे उघडलेलं काम ज्यात राहतं ती मेमरी. तिचे मला ६०० रुपये धरले होते, तेही उपकार केल्यासारखे. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रॅम टाकायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं नीट लिहितो आहे.

मी नंदनवनला राहतो, लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. २०२४ साली मे-जूनमध्ये मुहूर्त नव्हते. लग्नं एप्रिलातच उरकली आणि चार फोटोग्राफरांचं काम एकदम अंगावर आलं. मशीनचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, मदरबोर्ड एच ४१०, २६६६ स्पीडची ८ जीबीची एकच रॅम आणि रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा. अल्बमचं पान १२ बाय ३६ इंचांचं असतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, ते ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल होतं, म्हणजे कोरं पानच १११ एमबीचं. त्यावर फोटो, बॅकग्राउंड, मास्क, सावल्या असे पंधरा-वीस लेयर चढले की ब्रश फिरवल्यावर चार सेकंदांनी रेघ उमटायची. मग रॅममध्ये न मावलेलं काम ठेवायची डिस्कवरची जागाही संपून फोटोशॉपचा 'स्क्रॅच डिस्क फुल' मेसेज यायचा आणि रात्रभराचं काम जायचं.

दुकानात मी शिरलो तो "अजून एक ८ जीबी टाकून द्या" असं म्हणतच. मला काय हवं ते मला माहीत होतं, तरी पाच मिनिटांत माझं मन फिरवलं गेलं.

"टाकून देतो ना भाऊ. पण २६६६ आता कोण वापरते? म्हणूनच तर तुमचं मशीन अटकून राहिलं. साइज पाहू नका, स्पीड पाहा. ही ३६०० ची. एकच टाका, दोनचं काम करते."

"मग जुनीसोबतच लावून द्या."

"दोन स्पीडच्या सोबत लावल्या तर बोर्ड उडते. जुनी काढावीच लागेल."

बोर्ड उडेल म्हटल्यावर मी घाबरलो. पंधरा दिवसांत चार अल्बम द्यायचे होते. नव्या रॅमचे ३,९००, फिटिंगचे २००, जुनीचे ६०० वजा. मी ३,५०० रुपये मोजले. मशीन सुरू करून दाखवलं, रॅमवरचे रंगीत दिवे लागले, फोटोशॉप पटकन उघडलं. आता कळतं की नुकत्याच चालू केलेल्या मशीनमध्ये मेमरी रिकामीच असते, तेव्हा ते पटकनच उघडणार. हातात कच्ची चिठ्ठी मिळाली. त्यावर 'रॅम ८ जीबी' एवढंच होतं. सिरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही.

घरी आलो आणि तिसऱ्या पानाला मशीन पुन्हा अटकलं. उलट आधीपेक्षा जड वाटत होतं. रविवारी इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला. त्याने मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं आणि म्हणाला, "मामा, हे पाहा. ३६०० कुठे आहे? २१३३ वर चालून राहिली."

माझी जुनी रॅम २६६६ वर चालत होती. पैसे देऊन मी तिच्याहून हळू रॅम घरी आणली होती.

रॅमवर छापलेला ३६०० हा आकडा आपोआप लागू होत नाही. डीडीआर ४ या माझ्या रॅमच्या प्रकाराचं प्रमाणित माप ३२०० पर्यंतच आहे. त्यापुढचा वेग एक्सएमपी नावाच्या सेटिंगमधून मिळतो, आणि तोही बोर्ड व प्रोसेसर दोघांना झेपला तरच. ते सेटिंग लागलं नाही तर रॅम तिच्या मूळ वेगावर येते. माझी २१३३ वर आली. भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन खटपट केली तेव्हा २६६६ झाली, त्यापुढे सरकेना. सरकणारच नव्हती, कारण एच ४१० बोर्डावर आय-फाइव्हला तेवढीच मर्यादा आहे. दुकानदाराने कॅबिनेट उघडलं तेव्हा बोर्डाचं नाव त्याच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून याला मी चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

दोन वेगांच्या रॅम सोबत लावल्या की बोर्ड उडत नाही. दोन्ही हळू असलेलीच्या वेगाने चालतात. क्वचित जोडी जमत नाही, तेव्हा मशीन सुरू होत नाही, काढली की पुन्हा सुरू होतं. उलट दोन सारख्या आकाराच्या रॅम दोन चॅनलमध्ये बसल्या की डेटा ये-जा करायचा रस्ता दुप्पट रुंद होतो. माझी जुनी काढून दुकानदाराने तोही फायदा घालवला.

मुळात माझं दुखणं वेगाचं नव्हतंच. २६६६ ची एक रॅमसुद्धा सेकंदाला २१ जीबी देऊ शकते. पण ८ जीबी भरली की विंडोज आणि फोटोशॉप उरलेलं काम डिस्कवर टाकतात, आणि साध्या साटा एसएसडी डिस्कला सेकंदाला अर्ध्या जीबीच्या आसपासच जमतं. रॅम भरून वाहत असेल तर तिचा वेग कितीही वाढवा, काम अडणार ते डिस्कपाशीच. वेगवान रॅमचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. ज्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरून गेम खेळतात, तिथे फरक स्पष्ट दिसतो. पण तिथेही आधी जागा पुरायला हवी.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "खोललेला माल परत होत नाही." पक्कं बिल मागितलं तर "त्याचे १८ टक्के वेगळे लागतील." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर पैसे मोजण्याआधीच अडून बसलो असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते बिलाचंच. माझ्याजवळ दुकानाचं नावही नसलेली चिठ्ठी होती.

हात जोडून सांगतो, मशीन दुकानात न्यायच्या आधी घरी रोजचं काम पूर्ण उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरली ते पाहा. तिथेच स्पीड आणि 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं, त्याचा फोटो काढून ठेवा. रॅम बसल्यावर तोच आकडा दुकानातच पाहा, मगच खिशात हात घाला. काढलेली वस्तू चालो न चालो, सोबत घरी आणा. आणि बिलावर सिरियल नंबर हवाच.

मी नंतर दुसरीकडून साधी २६६६ ची ८ जीबी १,७०० रुपयांत आणली, पक्क्या बिलावर. ती त्या रंगीत दिव्यांच्या रॅमशेजारी बसवली. बोर्ड उडाला नाही. दोन्ही २६६६ वर चालतात, १६ जीबी दिसते, आणि 'स्क्रॅच डिस्क फुल' तेव्हापासून आलेलं नाही. जुनी मिळाली असती तर १,७०० सुद्धा लागले नसते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंची मुलगी लॅपटॉप घेऊन बर्डीला निघाली होती. तिलाही कुणीतरी फोनवर जास्त स्पीडची रॅम टाकायला सांगितलं होतं. तिला तिथेच बसवून टास्क मॅनेजर उघडायला लावला. १६ पैकी ६ जीबी वापरात, आणि शेजारी डिस्क १०० टक्के कामात गुंतलेली. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क होती, काम तिच्यापाशीच अडत होतं. तिला रॅमची गरजच नव्हती.