जाळीच्या कुंपणाचा ‘मालासह’ ठेका: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

शेताला किंवा प्लॉटला जाळी मारायची म्हटलं की ठेकेदार एकच आकडा सांगतो: रनिंग फुटाला इतके, मालासह. त्यात साधारणपणे येतं ते असं. ५ फूट उंचीची, १२ गेजची, ३ बाय ३ इंचांची जाळी, १० फुटांवर ७ फुटी सिमेंटचे पोल, तीन आडव्या तारा आणि मजुरी. सोय म्हणून या ठेक्याला पैकीच्या पैकी गुण. मालाला बरे. पाया आणि कोपऱ्यांना मात्र काठावर पास, आणि कुंपण पडतं ते नेमकं तिथेच.

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त बघतं ती जाळी, म्हणून आधी तिचं. १२ गेज म्हणजे २.६४ मिमी तार. १३ गेजची तार २.३४ मिमी असते आणि दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही. काट्यावर मात्र लगेच कळतो. ५ फूट बाय ५० फुटांचा, ३ इंची, खऱ्या १२ गेजचा रोल सुमारे २६-२७ किलो भरतो, १३ गेजचा २१ च्या आसपास. गाडी उतरताना दोन रोल वजनावर टाकले की पुरे, जाडी मोजायला व्हर्निअर शोधत बसायची गरज नाही.

गंज किती लवकर धरेल हे ठरतं जस्ताच्या थरावरून. त्याची चाचणी बागायतदाराच्या घरी असणाऱ्या मोरचुदावर (कॉपर सल्फेट) होते. प्लास्टिकच्या डब्यात पाणी घेऊन त्यात विरघळेल तेवढं मोरचूद विरघळवायचं. तारेचा तुकडा पुसून एक मिनिट बुडवायचा, काढून धुवायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा बुडवायचा. काळपट थर पुसून निघतोय तोवर जस्त शिल्लक आहे. तांब्याचा लालसर चकचकीत थर तारेला चिकटून बसला आणि पुसूनही निघेना, म्हणजे जस्त संपलं. दोन दुकानांचे तुकडे एकाच डब्यात घालून बघावेत. एक पहिल्याच बुडीत लाल होतो, दुसरा तीन बुड्या काढतो, आणि भावातला फरक तिथेच कळतो. कापलेल्या टोकाकडे बघू नये, तिथे उघडं लोखंड असल्यामुळे ते लाल होणारच. कोकणात समुद्राच्या वाऱ्याला पातळ जस्त फार काळ पुरत नाही. तिथे जाड थराचीच किंवा पीव्हीसी चढवलेली जाळी घ्यावी.

पोलमध्ये फसगत उंचीची होते. ७ फुटी पोल मुरमाड जमिनीत दीड फूट गाडला की वर साडेपाच फूट राहतो. ५ फुटांची जाळी आणि वर काटेरी तारेचा एक पदर, छान बसतं. काळ्या मातीत दोन फूट गाडावाच लागतो, मग काटेरी तारेला जागाच उरत नाही. काळ्या रानासाठी ८ फुटी पोलचा दर वेगळा लिहून घ्यावा. तसं केलं नाही तर मजूर खड्डाच उथळ घेतात, आणि वरून बघणाऱ्याला ते समजतही नाही. पोलच्या टोकाला चार सळयांची टोकं दिसली पाहिजेत. नुकते ओतलेले, नीट पाणी न मारलेले पोल गाडीतून फेकून उतरवले की मधोमध केसासारखी चीर जाते, आणि जाळी ओढताना पोल तिथेच मोडतो. शंभराला दोन-तीन जादा मागवलेले बरे.

आता खड्डा. १ फूट बाय १ फूट बाय दीड फुटाच्या खड्ड्याला १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट धरलं तर सिमेंटच्या एका पोत्यात चार खड्डे होतात. चौरस एक एकराचा घेर साधारण ८३५ फूट, म्हणजे १० फुटांवर ८४ पोल आणि २१ पोती. कोपऱ्याच्या पोलना टेकू देणाऱ्या तिरप्या सपोर्टचे पाय धरले तर २४-२५. ठेक्याच्या गाडीतून आठ-दहा पोती उतरली, तर बाकीचे खड्डे दगड-मातीने भरले जाणार हे तिथेच ओळखावं. पोती मोजणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त देखरेख.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी पोलला थोडं थोडं हलवते. ट्रॅक्टरच्या ऑगरने पाडलेला खड्डा तिथे आतून माठासारखा गुळगुळीत होतो, काँक्रीटला धरायला काहीच राहत नाही. पहारीने बाजू खरवडाव्यात आणि तळ तोंडापेक्षा रुंद करावा. काँक्रीट जमिनीच्या दोन बोटं वर आणून उतार द्यावा, नाहीतर बुडाशी पाणी साचतं.

या ठेक्याची खरी खोट मात्र वेळापत्रकात आहे. पोल उभे केल्यावर काँक्रीटला किमान सात दिवस द्यायला हवेत, आणि त्या दिवसांत पाणी मारायला हवं. त्यासाठी टोळीला दोन फेऱ्या कराव्या लागतात, आणि दुसऱ्या फेरीचं भाडं, मजुरांचा खाडा यांचा हिशेब दरात धरलेला नसतो. म्हणून आज पोल, उद्या जाळी. ओल्या काँक्रीटमधला पोल ओढताना एक सूतभर आत झुकतो. त्या दिवशी ओळंबा लावून कोणी बघत नाही, आणि पावसाळ्यानंतर तोच पोल चांगला हातभर वाकलेला असतो. ‘दोन फेऱ्या’ हे दोन शब्द कागदावर घ्यावेत, दर थोडा वाढला तरी.

कोपऱ्याच्या पोलला दोन्ही बाजूंनी ताण येतो, म्हणून सपोर्टही दोन लागतात: प्रत्येक ओळीच्या रेषेत एक, पोलच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर टेकलेला. पुष्कळ टोळ्या कोपऱ्याच्या आतून मधोमध एकच तिरका टेकवतात. दोन्ही ओळींचा ताण सारखा असेपर्यंत तो टिकतो. एक बाजू सैल पडली की पोल दुसरीकडे फिरतो. सपोर्टचा पाय नुसता मातीत रोवलेला असेल तर तो असून नसल्यासारखा. सरळ ओळीतही दर शंभर फुटांना दोन्हीकडून सपोर्ट हवेत.

जाळी ओढण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. टोकाच्या घरांमधून लोखंडी सळई ओवतात, सळईला चेनपुली लावतात आणि पुढच्या सपोर्टच्या पोलवरून ओढतात. हाताने ओढलेली जाळी चार महिन्यांत पोटासारखी सुटते. पण अति ओढणं हीसुद्धा एक चलाखी आहे. ५० फुटांचा रोल ताणून साडेबावन्न फूट केला की चौकटी आडव्या पसरतात आणि ५ फुटांची उंची पावणेपाचवर येते. वीस रोलमागे एक रोल वाचतो आणि कुंपणाखाली तीन इंचांची फट पडते, डुकराच्या नाकाला तेवढी पुरते. चौकट चौकोनीच दिसली पाहिजे, हा साधा निकष. आडव्या तारांना टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) आहेत का आणि बांधायची तार गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेली, आहे का, तेही बघून घ्यावं. काळी बाइंडिंग तार वापरली तर जाळी शाबूत राहते आणि गाठी गळून पडतात.

शेळ्या, कुत्री, मोकाट गुरं यांना हे कुंपण नीट अडवतं. रोही (नीलगाय) ५ फूट सहज ओलांडतो. रानडुक्कर जाळी खालून उचलतं, म्हणून खालची तार जमिनीलगत घट्ट असावी आणि तिच्याखाली काटेरी तारेचा एक पदर असावा. त्यात घरची वीज सोडायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला बांधावरूनच परत पाठवावं. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. ओढ्यावरून जाळी सलग नेऊ नये. पुरात कचरा अडकतो आणि दोन्हीकडचे पोल घेऊन जाळी वाहून जाते. तेवढ्या भागात वरच्या तारेला लोंबता सुटा तुकडा लावतात.

‘एकरी भाव’ सांगणाऱ्याला घेराचा भाव विचारावा. एकर तोच, पण १०० बाय ४३५ फुटांच्या पट्टीचा घेर १०७० फूट होतो, चौरसापेक्षा सव्वापटीहून जास्त. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आधी करावी. शेजाऱ्याची वहिवाटीची वाट जाळीत अडली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतात, आणि काढलेले पोल परत लावायचं काम कुठल्याच ठेक्यात बसत नाही.